नमुना सहा

माणसावर सोळा संस्कार व्हावेत असं शास्त्र सांगतं. आमच्या संगमेश्वरात ते एकोणीस होतात. वरचे तीन अप्पा करतात. पोराला अठरा पूर्ण झाली की नमुना सहा, सून घरात आली की नमुना आठ आणि माणूस गेला की नमुना सात. पहिल्याने नाव मतदार यादीत येतं, दुसऱ्याने एका यादीतून दुसरीत जातं, तिसऱ्याने कायमचं उठतं. मधल्या आयुष्यात माणसाने काय दिवे लावले, याच्याशी अप्पांना कर्तव्य नाही.

लग्नात अप्पांच्या आहेराचं पाकीट जाड असतं. नवख्या यजमानाला उगीच आशा वाटते. आत एकशे एक रुपये असतात आणि चार घड्या घातलेला नमुना आठ. नवरीचं नाव लांज्याच्या किंवा गुहागरच्या यादीतून आमच्याकडे आणायला. दुःखाच्या घरी ते दहाव्याला हजर असतात. पिंडाला शिवायला कावळा वेळ लावील, अप्पा लावत नाहीत. पण मागण्याची रीत मोठी हळुवार. 'आता त्यांना ह्या सगळ्यातून मोकळं करायला हवं,' असं म्हणून ते डोळे मिटतात. घरच्यांना वाटतं, मोक्षाबद्दल चाललंय. मग अप्पा डोळे उघडतात आणि मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स मागतात.

गावाने त्यांना 'नमुना सहा' हे नाव ठेवलं ते असं. अप्पांना ते ठाऊक आहे आणि राग नाही. एकदा एस.टी. स्टँडवर कोणीतरी मागून 'ते बघा, नमुना सात चालले' असं म्हणालं, तेव्हा मात्र ते थांबले, मागे वळले आणि दोन्हींतला फरक त्या माणसाला समजावून मगच गाडीत चढले. गाडी तोवर सुटायला आली होती. कंडक्टरने थांबवली, कारण कंडक्टरच्या मुलीचा सहा नंबर अप्पांच्या पिशवीत होता.

अप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. निवडणुकीची ड्यूटी लागली की बाकीचे गुरुजी वैद्यकीय दाखला मिळवायला रत्नागिरीला धावत. अप्पा अंगात ताप असला तर तो लपवत. मतपेट्या माणसांच्या डोक्यावर देऊन सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांत चढून जाणं, शाळेच्या वर्गात कंदिलाखाली झोपणं, पहाटे पेटी उघडून प्रतिनिधींना ती रिकामी असल्याचं दाखवणं, मग लाख आणि मोहोर. ह्यातल्या प्रत्येक कामाचं वर्णन करताना त्यांचा आवाज सत्यनारायणाची कथा सांगणाऱ्या भटजींसारखा होतो. ओटीवर, लोक जिथे राष्ट्रपुरुष लावतात, तिथे त्यांनी टी. एन. शेषन यांचा फोटो लावला आहे. शेषन १९९० ते १९९६ मुख्य निवडणूक आयुक्त होते आणि १९९३ मध्ये त्यांनी फोटो असलेल्या ओळखपत्राचा आग्रह धरला. त्या पहिल्या कार्डांवर आमचं निम्मं गाव फरारी आरोपी दिसत होतं. अप्पांना त्यातही सौंदर्य दिसतं.

घरोघरी जाऊन नावं लिहिण्याचं कामही त्यांनी अनेक वर्षं केलं. त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, आणि यादीला तर नवऱ्याचं नाव हवंच. घरात पोर असेल तर पोराला विचारायचं. पोर नसेल तर शेजारीण. शेजारीण रानात गेलेली असेल तर बाई नाव सुचवायची आणि गुरुजींनी ओळखायचं. वरच्या वाडीतली एक बाई लाजत म्हणाली, 'कंसाला मारलान त्यो.' अप्पांनी आत्मविश्वासाने 'कृष्णा' लिहिलं. नवऱ्याचं नाव होतं मुरारी. पुढच्या दोन निवडणुका ती बाई कागदावर कृष्णाची बायको राहिली. खालच्या वाडीत ह्याच आडनावाचा खरा कृष्णा होता, त्याच्या घरी ह्यावरून काय झालं ते अप्पा सांगत नाहीत. पहिल्या निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ ला, उत्तरेत लाखो बायकांनी आपलं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढंच लिहवलं आणि तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ती सुमारे २८ लाख नावं यादीतून वगळायला लावली. 'तिकडे बायकांना स्वतःचं नाव सांगता येईना, इकडे नवऱ्याचं,' अप्पा म्हणतात. 'आपण त्यातल्या त्यात पुढारलेले.'

निवृत्त झाल्यावर दुसरा एखादा माणूस हार्मोनियम शिकला असता. अप्पांनी प्रारूप यादी वाचायला घेतली. ती प्रसिद्ध झाली की काकू ओटीवर चटई टाकतात, लाल पेन आणि चहा ठेवतात आणि पुढचे दिवस त्यांच्या वाटेला जात नाहीत. मधूनच बाहेरून हाक येते. 'अगं, ह्या घरात बाप चौतीस वर्षांचा आणि मुलगा एकसष्ट!' काकू आतून म्हणतात, 'असतील, तुम्हाला काय करायचंय.' मेलेले जिवंत असतात, जिवंत गायब असतात, एकाच घरक्रमांकावर तीन वाड्या नांदत असतात. अप्पा प्रत्येकाचा अर्ज करतात आणि तो अंगणवाडीच्या ताईंकडे नेऊन देतात, कारण ताई बीएलओ आहेत, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. ताईंना पोषण आहार आहे, गरोदर बायांच्या नोंदी आहेत, वजनकाटा आहे, आणि ह्या सगळ्याच्या वर अप्पा आहेत. त्या लांबून दिसल्या की अप्पा चालण्याचा वेग वाढवतात. ताईही वाढवतात.

तरुणांचं तर विचारूच नका. २०२२ पर्यंत १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती. २ जानेवारीला जन्मलेलं पोर अठराचं होऊनही वर्षभर कच्च्या लिंबूत. अप्पा त्या पोरांचं मनापासून सांत्वन करायचे. पोरांना मुळात दुःखच झालेलं नसायचं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि सतरा पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येतो. म्हणजे शिकारीचं वय एका वर्षाने खाली आलं. कॉलेजची मुलं स्टँडवर अप्पांना बघून वडापावच्या गाडीमागे जातात. पकडलं गेलेलं पोर आधी जन्मतारीख खोटी सांगतं. अप्पांना ती खरी पाठ असते; त्याच्या बापाला शाळेत घातलं तेव्हापासूनचं घराणं त्यांच्या पटावर आहे.

एकदा त्यांनी उमेदवारांची शपथपत्रं गावाला वाचून दाखवायची ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये निकाल दिला आणि पुढच्या वर्षी पक्का केला, तेव्हापासून उमेदवाराला आपल्यावरचे खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण हे सगळं लिहून द्यावं लागतं. हा नमुना सव्वीस. अप्पांनी सगळ्या उमेदवारांचे छापील कागद काढून चावडीच्या भिंतीला डकवले, खटल्यांच्या ओळी लाल पेनाने अधोरेखित केल्या आणि बाजूला खुर्ची टाकून बसले. पुरुष आले, 'अरे, एवढेच खटले?' म्हणून निराश होऊन गेले. मग बायका आल्या आणि भिंतीपुढे खरी गर्दी झाली. अप्पांचा ऊर भरून आला. जवळ जाऊन ऐकतात तर सगळी चर्चा एकाच रकान्यावर: उमेदवाराच्या बायकोच्या नावावर सोनं किती. एकीचं सोनं पाच वर्षांत कसं दुप्पट झालं, दुसरीने लग्नातली ठुशी दाखवलीच कशी नाही. 'गेल्या गणपतीत गळ्यात होती वो तिच्या, मी सोता बगितलंय!' अप्पांनी वहीत नोंद केली: महिला मतदारांकडून मालमत्तेची काटेकोर छाननी. मला विचाराल तर ती नोंद खरीच होती. निवडणूक खर्चाचे निरीक्षक त्या ठुशीपर्यंत पोचले नसते.

अप्पा कुठल्याच पक्षाचे नाहीत आणि हेच त्यांचं दुखणं आहे. बोगस मतदारावर मतदान केंद्रात आक्षेप घ्यायची नियमात सोय आहे: मतदान प्रतिनिधीने दोन रुपये रोख भरायचे आणि केंद्राध्यक्षांना सांगायचं की हा तो नव्हे. दोन रुपये! लोकशाहीतलं सगळ्यात स्वस्त हत्यार, असं अप्पा म्हणतात. पण ते चालवायला प्रतिनिधी असावं लागतं आणि प्रतिनिधी व्हायला उमेदवाराचा असावं लागतं. म्हणून मतदानाच्या सकाळी ते सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींच्या हातावर दोन-दोन रुपयांचं नाणं ठेवतात. 'असू दे वेळेला.' ते नाणं आजवर एकदाही वटलेलं नाही. कारण जो खोटा मतदार येतो तो कुणाचा तरी मेव्हणा असतो, कुणाचा साडू असतो, आणि आक्षेप घेणाऱ्याला पुढच्या शिमग्यात त्याच्याच शेजारी उभं राहून पालखी नाचवायची असते. प्रतिनिधी दुपारी त्या नाण्यात भर घालून चहा पितात. अप्पांना माहीत आहे. तरी पुढच्या वेळी सुटे पैसे घेऊन येतात.

स्वतः मत द्यायला गेले की रांग थांबते. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. अप्पा ते सात सेकंद मोजतात, आणि मोठ्याने मोजतात. आतून 'एऽक, दोऽन' ऐकू येऊ लागलं की बाहेर बायका हसतात आणि केंद्राध्यक्ष कपाळाला हात लावतात. एकदा 'सहा'ला चिठ्ठी पडली असं त्यांचं मत झालं. लेखी तक्रारीचा विचार होता. ताईंनी विचारलं, 'अप्पा, तुमचे सेकंद किती लांब?' त्यांनी घरी जाऊन घड्याळ लावून पाहिलं. तक्रार केली नाही.

दिल्लीला पत्रं मात्र सतत जातात. मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीपासून संगमेश्वर नावाचा विधानसभा मतदारसंघ उरला नाही. तालुका शेजाऱ्यांत वाटला गेला. लोकसभेचा राजापूरही त्याच पुनर्रचनेत गेला, नाथ पै आणि मधु दंडवते यांचा राजापूर. त्याचं रत्नागिरी-सिंधुदुर्ग झालं. गावात कोणाला त्याचं सुतक नव्हतं. अप्पा अजून पत्राखाली सही करतात: 'मतदार, संगमेश्वर (माजी)'.

ह्या सगळ्यापर्यंत गावाने त्यांना सांभाळून घेतलं. बिघडलं ते चाकरमान्यांवरून.

आमच्या वाडीतली निम्मी घरं वर्षाचे दहा महिने कुलपात असतात. माणसं डोंबिवली, नालासोपारा, भांडुपला. गणपतीला येतात, शिमग्याला येतात, मे महिन्यात आंब्याला येतात. नाव इथल्या यादीत असतं आणि तिकडच्याही. त्यात चोरी आहे असं कोणालाच वाटत नाही; पायात दोन गावांचा चिखल आहे तर यादीत दोन नावं असायचीच. एरवी ते झाकून जातं. पण २०२४ च्या लोकसभेला रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान ७ मेला आणि मुंबई, ठाणे, कल्याणचं २० मेला. तेरा दिवसांचं अंतर, मधे तुतारी एक्स्प्रेस. शाई तेवढी आडवी आली. म्हैसूरच्या कारखान्यातली ती शाई १९६२ पासून देशाच्या बोटाला लागते आहे. एका उत्साही पोराने ती घालवायला काजूच्या टरफलाचं तेल चोळलं. बोटाची साल गेली. शाई नखात तशीच.

२०२३ च्या जानेवारीत निवडणूक आयोगाने पक्षांपुढे एक यंत्र मांडलं होतं. स्थलांतरिताने असेल तिथूनच गावाकडचं मत द्यावं, एका यंत्रात ७२ मतदारसंघ मावावेत अशी ती योजना. पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथेच राहिलं. आमच्याकडे त्याची गरजही नाही. पक्षांकडे हे यंत्र आधीपासून आहे, त्याला लक्झरी बस म्हणतात. रात्री परळहून सुटते, पहाटे चहा-वडापाव पोटात घालून केंद्रासमोर उभी राहते.

शिमग्याच्या बैठकीत, मुंबई मंडळ सगळं हजर असताना, अप्पांनी पालखी बसते त्या सहाणेवर उभं राहून १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा वाचला. कलम १७, एकाहून अधिक मतदारसंघांत नाव नको. कलम ३१, खोटं निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद. इथवर लोक ऐकत होते, कैदेचं कोणी मनावर घेत नाही. मग ते कलम २० वर आले: नुसतं घर मालकीचं आहे एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही.

हे मात्र झोंबलं. खालच्या वाडीचा मानकरी उठला. 'अप्पानू, घर आमचा हाय, देव आमचा हाय, पालखी आमच्या दारात थांबते, देवळाचा पत्रा आमच्या पैशाचा. आनि आमी र्‍हानारे नाय?' दुसरा म्हणाला, 'मेल्यावर आनतात कुठं, हितंच ना?' ह्याला कलमात उत्तर नव्हतं. कायदा माणूस झोपतो कुठे ते बघतो, कोकणी माणूस पालखी थांबते कुठे ते बघतो. अप्पा पुस्तक चाळत उभे राहिले, ढोल सुरू झाला, आणि सभा बरखास्त झाली.

त्या रात्री अप्पांनी पत्र लिहिलं ते मी वाचलं आहे, आणि त्यांच्या सगळ्या पत्रांत तेच मला शहाणपणाचं वाटतं. ग्रामपंचायतीला वेगळी यादी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडून वापरतात. त्यामुळे चाकरमान्याला गावाच्या पाण्याच्या योजनेवर बोलायचं तर आमदारही इथलाच निवडावा लागतो, आणि डोंबिवलीच्या खड्ड्यांवर बोलायचं तर गाव सोडावं लागतं. अप्पांनी सुचवलं की खासदार-आमदार राहत्या जागी निवडावा आणि ग्रामपंचायतीचं मत गावी ठेवावं, मात्र ते एकच आणि उघड नोंदवून. ज्यांनी सहाणेवर गलका केला त्यांनी हे पत्र वाचलं असतं तर सह्या दिल्या असत्या. पण अप्पांनी ते गावात दाखवलं नाही. निवडणूक सुधारणा वरून खाली येतात असा त्यांचा समज आहे.

कायदा बदलेपर्यंत आहे तो पाळायचा, म्हणून पावसाळ्यात याद्यांचं काम निघालं तेव्हा अप्पांनी पहिला अर्ज भरला तो स्वतःच्या मुलाचा. मुलगा डोंबिवलीला बँकेत. दोन्हीकडे नाव. अप्पांनी नमुना सात घेतला, कारणाच्या रकान्यात खूण केली आणि काकूंना म्हणाले, 'अगं, मुलाच्या नावाचं स्पेलिंग काय लावतो तो हल्ली?'

काकूंनी अर्जाकडे पाहिलं. इंग्रजी त्यांना येत नाही, पण सात येतो. गावात सगळ्यांना येतो.

'नमुना सात? जिवंत लेकाचा?'

पुढचे काही दिवस त्या घरात आमटीला मीठ नव्हतं. सात हा स्थलांतरितालाही लागतो, दुबार नावालाही लागतो, मयत हे त्यातलं केवळ एक कारण, हे अप्पांनी नियमासकट समजावलं. काकू देवापुढे दिवा लावून बसल्या. अखेर ताई मधे पडल्या. 'अप्पा, अर्ज दादाचा दादालाच करू दे की. बापाने कशाला करायचा?' मुलाने लोकलमध्ये उभ्या-उभ्या मोबाइलवर तो भरून टाकला. कोपरपासून ठाकुर्लीपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. अप्पांना एवढंच वाईट वाटलं की सही करायला पेन लागलं नाही.

आमच्या वाडीतून दुबार म्हणून कमी झालेलं ते एकमेव नाव. पॅनेलप्रमुख भेटायला आला आणि म्हणाला, 'अप्पा, दोन मतांनी पडलो तर एक तुमच्याकडून वसूल करीन.' समान मतं पडली तर लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढतात, असा धीर अप्पांनी त्याला दिला. राज्य निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या याद्यांत दुबार नावांपुढे दोन-दोन तारे छापायचे जाहीर केले, तेव्हा अप्पांनी ती बातमी कापून शेषन यांच्या फोटोच्या काचेत खोचली. काकूंनी फक्त विचारलं, 'आपल्या बाळ्याच्या नावापुढे तारा नाही ना?' नाही म्हटल्यावर जरा खट्टू झाल्या.

आणि तरी अप्पांना आयुष्यात न सुटलेलं एकच कोडं आहे: काकू मत कोणाला देतात. गुप्त मतदानावर त्यांनी शाळा-शाळांतून व्याख्यानं दिली. पण प्रत्येक मतदानाच्या संध्याकाळी ते ओटीवर येरझाऱ्या घालतात. आधी हवेवर बोलतात, मग हायवेवर. महामार्गाचं चौपदरीकरण ह्या निवडणुकीनंतर तरी होईल का वगैरे. मग येतात मुद्द्यावर. २०२४ च्या २० नोव्हेंबरला मी तिथे बसलो होतो.

'तुला म्हणून विचारतो. सहज.'

काकू तांदूळ निवडत होत्या. 'ते चौऱ्याण्णव का काय कलम आहे ना हो, तुम्ही सांगता ते? काय आहे त्यात?'

'लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१,' अप्पा ताठ झाले. 'कलम ९४. निवडणुकीत आपण कोणाला मत दिले, हे सांगण्यास कोणत्याही साक्षीदारास किंवा अन्य व्यक्तीस भाग पाडता येणार नाही. आता ह्यात अन्य व्यक्ती हे शब्द महत्त्वाचे आहेत बरं का. आणि पुढे १२८ मध्ये बघ, मतदानाच्या कामावरच्या माणसांनी गुप्तता राखायची...' ते माझ्याकडे वळले, पिशवीतून पुस्तक काढलं, चष्मा लावला. काकू सूप उचलून आत गेल्या. १३४ व्या कलमावर त्यांनी आतून जेवायला हाक मारली.